ज्याचं तिकीट लागत नाही तो पाहुणा

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. "आमचा सव्वा वर्षाचा होईल तेव्हा सुट्टी जमतेय. थीम पार्कला नेऊ का गं त्याला? तुम्ही नेलं होतंत ना?" मी "हो, हो, खुशाल ने" म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर जाणवलं की आपण अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं इथे लिहिते. लांबलं तर लांबलं.

आम्ही गेलो तेव्हा लेक वीस महिन्यांची होती. एवढी घाई कशाला, तर हिशेब. विमानात दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर घेता येतं, वेगळी सीट लागत नाही. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, टोकियोत तर चार वर्षं पूर्ण होईपर्यंत नाही, आणि बऱ्याच पार्कांचा नियम याच्याच आसपास असतो. हे वाचल्यावर नवऱ्याचे डोळे चमकले. "आत्ताच उरकून घेऊ, पुढे तिचंही तिकीट काढावं लागेल." जिच्यासाठी म्हणून एवढा घाट घातला, तिचंच तिकीट लागत नाही, यावरून आम्हाला काहीतरी कळायला हवं होतं. पार्कवाल्यांना पक्कं ठाऊक असतं की हे गिऱ्हाईक आत येऊन फारसं काही वापरणार नाही.

सासूबाईंनी हटकलंच. "अगं, तिला काय आठवणार आहे त्यातलं?"

हा प्रश्न ऐकला नाही असे आईबाप नसतील. त्यात तथ्य आहेच. मोठ्या माणसांना आपली सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं पुसून गेल्यासारखं असतं. या विस्मरणाला नाव फ्रॉइडने दिलं आणि मानसशास्त्रवाले तेव्हापासून त्याच्या मागे लागलेत. २०२५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात येल विद्यापीठाच्या संशोधकांचं एक काम छापून आलं. चार महिने ते दोन वर्षं वयाच्या २६ बाळांना त्यांनी स्कॅनरमध्ये चित्रं दाखवली आणि मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, हिपोकॅम्पस, काय करतो ते पाहिलं. एखादं चित्र पहिल्यांदा बघताना तो भाग जितका जास्त जागा होता, तितकं ते चित्र नंतर पुन्हा समोर आल्यावर बाळ त्याच्याकडे जास्त वेळ बघत राहिलं, आणि हे वर्षाच्या पुढच्या बाळांत ठळकपणे दिसलं. म्हणजे आठवण टिपली जात असावी. मोठेपणी ती काढता का येत नाही, हा वेगळा प्रश्न. (जागं बाळ स्कॅनरमध्ये न हलता पडून राहिलं कसं, हे मला त्या निष्कर्षापेक्षाही मोठं आश्चर्य वाटतं. आमची लेक नखं कापू देत नाही.)

पण खरं सांगू का, आठवणीचा हा सगळा वाद मला आता फिजूल वाटतो. आपण बाळाला अंघोळ घालताना गाणी म्हणतो, पोटावर फुर्र करून हसवतो. त्यातलं तिला काय आठवणार आहे? आठवणार नाही म्हणून कुणी हसवायचं थांबवत नाही. तेव्हा सासूबाईंचा प्रश्न बाजूला ठेवा. त्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न असा: जाताय कुणासाठी?

मी तेव्हा छातीठोकपणे म्हणाले असते, तिच्यासाठी. आणि त्या उत्तरानेच आमचा पहिला दिवस नासला.

कुठल्या पार्कात, ते सांगत नाही. पार्कचा काही दोष नव्हता. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता, दर पंचवीस मिनिटांचा एक रकाना. गेट उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही रांगेत. आत पाऊल टाकलं आणि लेकीला पार्कातली सगळ्यात भारी गोष्ट पहिल्या दहा मिनिटांतच सापडली. कचऱ्याचा डबा. त्याला ढकललं की आत जाणारं आणि डुलत परत येणारं झाकण होतं. ती ते ढकलायची, मागे सरायची, झाकण शांत होईपर्यंत श्वास रोखून बघायची आणि पुन्हा ढकलायची. इतकं एकाग्र मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आम्ही काय केलं? उचललं, स्ट्रोलरमध्ये बसवलं, बेल्ट लावला. तक्त्यात पुढचा रकाना होता ना. ती कमान करून रडली आणि आम्ही दोघं सुरात म्हणालो, "अगं, पुढे बघ काय मज्जा आहे!"

नंतर वाचलं की नेदरलंड्समधल्या एफ्टेलिंग या पार्कवाल्यांना ही गंमत केव्हाची कळली आहे. १९५२ साली त्यांचं परीकथांचं जंगल सुरू झालं, आणि तिथले काही कचऱ्याचे डबे म्हणजे तोंड उघडून बसलेला एक जाडजूड माणूस, जो 'कागद इकडे' असं ओरडत असतो. मुलं जमिनीवरचे कपटे शोधून शोधून त्याला भरवतात. लहान मुलांना ओळखणाऱ्या कुणीतरी केलेलं काम आहे ते.

तर आम्ही पुढच्या मज्जेकडे निघालो. ती मज्जा म्हणजे साडेसहा फुटांचं केसाळ अस्वल, म्हणजे अस्वलाचा वेष घातलेला माणूस. पस्तीस मिनिटं रांग. आमची पाळी आल्यावर लेकीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या मानेला असं घट्ट धरलं की नखं रुतली. आता हे कुणालाही समजावं. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना परक्या माणसांची भीती वाटायला लागते आणि ती पुढे बराच काळ टिकते. या वयाचं मूल समोरच्याला वाचतं ते चेहऱ्यावरून, आवाजावरून. इथे चेहरा भलामोठा, हसू गोठलेलं, डोळ्यांची उघडझाप नाही आणि तोंडातून शब्द नाही. मोठ्या माणसाच्या वाटेत असं कुणी आलं तर तोसुद्धा रस्ता बदलेल. तरी मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला अस्वलाकडे सरकवलं. रांग लावली होती ना पस्तीस मिनिटं.

तो फोटो आहे. आम्ही दोघं दात काढून हसतोय, मधे ती लालबुंद, तोंडाचा चंबू उलटा. मी तो टाकला, लोकांनी हसण्याच्या इमोजी दिल्या, मीही परत दिल्या. आज तो बघवत नाही.

अस्वलाच्या आतल्या माणसाला मात्र मानलं. त्याने दोन पावलं मागे घेतली, खाली बसला आणि स्वतःचेच डोळे पंजांनी झाकले. तिथे तिचं ऐकणारा तो एकटाच होता.

दुपारची झोप हा खरा विषय. बाकी सगळं त्यावर लोंबकळतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या डुलक्या धरून ११ ते १४ तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. घरी लेक बाराला पेंगायला लागायची आणि दोन तास गुडूप. नवरा म्हणाला, "स्ट्रोलरमध्ये झोपेल की." झोपली. वीस मिनिटं. मग ढोल वाजवत मिरवणूक आली. त्यानंतर चारपर्यंत ती ना झोपली ना नीट जागी राहिली. कडेवर घे, खाली सोड, पाणी दे, पाणी नको. चारच्या सुमाराला मेरी-गो-राउंडसमोर तिने फतकल मारून भोकाड पसरलं. मी वाकून, दात-ओठ खात, वीस महिन्यांच्या मुलीला म्हणाले, "तुझ्यासाठी एवढ्या लांब आलो आणि तू रडतेस?"

हे वाक्य आपलं आपल्यालाच ऐकू आलं आणि कान तापले. तिने कुठे सांगितलं होतं यायला? तिला डबा हवा होता. अस्वल, मिरवणूक, रोषणाई, घोड्यावरचा व्हिडिओ, हे सगळं हवं होतं मला. मला लहानपणी असं काही बघायला मिळालं नव्हतं आणि ते मी तिच्या नावावर खपवत होते. आणि वर तिने आनंदी दिसावं ही अपेक्षा, म्हणजे आलेला खर्च तिने चेहऱ्याने फेडायचा.

गंमत बघा, डिस्नेलँडची कल्पनाच मुळात कंटाळलेल्या बापाची. वॉल्ट डिस्ने सांगायचा की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात त्याच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि तो बाकावर बसून राहायचा. तेव्हा वाटलं की आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा हवी. १९५५ साली ती उघडली. म्हणजे मोठ्यांची मजा हा या धंद्याचा पायाच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्या गोष्टीतल्या मुली आपल्या आपण घोड्यावर बसण्याएवढ्या होत्या, हेही लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी तक्ता हॉटेलवर राहिला. आम्ही सकाळी गेलो, साडेअकराला परत आलो, पडदे ओढले आणि तिघंही झोपलो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा गेलो. तिला सोडलं जमिनीवर. तळ्यातली बदकं पाऊण तास, एका दुकानाच्या पायऱ्या चढ-उतर, आणि हो, डबा. मधल्या वेळात आम्ही आमच्या राइड आळीपाळीने केल्या. यासाठी बहुतेक मोठ्या पार्कांत सोय असते आणि ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही: डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलच्या पार्कांत चाइल्ड स्वॅप. एकजण राइडला जातो, दुसरा बाळ सांभाळतो, मग अदलाबदल. दुसऱ्याला रांग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागत नाही. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचं, एवढंच. मी रोलर कोस्टरवर एकटी बसले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. तिच्या जन्मानंतर वीस महिन्यांत पहिल्यांदा.

उंचीचंही आधीच बघून जा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला ११२ सेंटीमीटर लागतात. सरासरी मूल तिथे पोहोचतं साडेपाच वर्षांच्या आसपास. लेक तेव्हा ८३ होती. जाड तळव्याचे बूट घालून मुलाला आत घुसवणारे बहाद्दर मी पाहिलेत. ती मापं अंगावरचा दांडा मुलाला नीट धरून ठेवतो की नाही यासाठी असतात, तुमच्या हौसेची परीक्षा बघायला नाही. छोट्यांसाठी राइड असतातच: 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या होडीत तान्हं बाळही चालतं.

बाकी थोडक्यात. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात धरू नका, सनस्क्रीनवर विसंबूनही नाही. स्ट्रोलरवर दुपटं टाकून सावली करू नका. आत हवा कोंडते आणि तापते. आतषबाजी बघायची तर बाळाला कानांवर बसणारे इअरमफ घाला, नाहीतर लांबून बघा. स्ट्रोलरच्या दांड्याला भडक कापड बांधा, कारण राइडमधून बाहेर येईपर्यंत कर्मचाऱ्यांनी सगळ्यांचे स्ट्रोलर सरकवून रचलेले असतात आणि सगळे सारखेच दिसतात. अमेरिकेतल्या डिस्नेला जाणार असाल तर ७९ सेंटीमीटरहून रुंद स्ट्रोलर आत घेत नाहीत. आणि बेबी केअर सेंटर कुठे आहे ते नकाशावर सगळ्यात आधी शोधा. दूध पाजायला, लंगोट बदलायला शांत, थंड खोली. आमच्या पहिल्या दिवसातली सगळ्यात सुखाची वीस मिनिटं तिथली आहेत.

वयाचं विचाराल तर माझं मत उलटं आहे. सहा ते दहा महिन्यांचं बाळ नेणं त्यातल्या त्यात सोपं. ठेवलं तिथे राहतं, कुठेही झोपतं. सगळ्यात कठीण चालायला लागल्यापासून अडीच वर्षांपर्यंत. पाय फुटलेले असतात, थांबणं माहीत नसतं. मैत्रिणीचा मुलगा नेमका त्याच वयात बसतोय. तरी मी नेऊ नको म्हणणार नाही. फक्त 'त्याच्यासाठी' म्हणून नेऊ नको. स्वतःसाठी जा, त्याला बरोबर घे, आणि तो बरोबर आहे म्हणून दिवस अर्धा धर.

आम्ही पुन्हा जातोय. लेक आता पाच वर्षांची, दाराच्या चौकटीवर ११० सेंटीमीटरची रेघ. धाकटा तोवर नऊ महिन्यांचा होईल. परवा ती मोबाइलवर तो जुना फोटो निरखत होती. मला वाटलं, विचारेल, मी का रडतेय. तिने बोटांनी फोटो मोठा केला, अस्वलाच्या खांद्यामागे कोपऱ्यात हिरवं काहीतरी दिसत होतं तिथे नेला आणि म्हणाली, "हाच का तो तुम्ही सांगता तो डबा? अजून असेल?"

नवऱ्याने नवा तक्ता केलाय. सवय जात नाही. बारा ते चार हे रकाने त्याने काळे करून टाकलेत. आणि पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊसमोर लिहिलंय: डबा.