सलगमचा भाव आणि माझं वय

परवा सोलापुरात सात रस्त्याला टपरीवर चहा येईपर्यंत पिशवीतून स्विच (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) काढला आणि गळ टाकून बसलो. एक जुना मित्र मागून आला. "का बे, काय करलालाव?" म्हणत वाकला. पडद्यावर मोठ्या डोक्याचं, टोपी घातलेलं एक पोरगं नदीकाठी उभं, आणि बाजूला एक मांजर सँडविच खात बसलेलं. "पोरीचं आहे का?" म्हणाला. मी म्हटलं, माझं आहे. तो असा गप्प झाला, जणू मी त्याला दवाखान्याचा रिपोर्टच दाखवला.

तर सांगूनच टाकतो. वय ५१. मार्केट यार्डात कांद्याच्या अडत दुकानात २६ वर्षं दिवाणजी. रोज रात्री जेवणाआधी तासभर ॲनिमल क्रॉसिंग हा व्हिडिओ गेम खेळतो.

'न्यू होरायझन्स' हा त्यातला भाग २० मार्च २०२० ला आला, म्हणजे जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी. जगभरात त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्या सगळ्या शाळकरी पोरांनीच घेतल्या, असं मला कुणी सांगू नये. यात मारामारी नाही, जिंकणं नाही, शेवट नाही. एक बेट, आठ-दहा बोलणारी जनावरं, आणि खऱ्या घड्याळाबरोबर चालणारं घड्याळ. फुलांना पाणी घालायचं. झारीत पाणी भरावं लागत नाही, ती आपोआप भरलेलीच असते. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथल्या माणसाला ही झारी हातात धरून काय वाटतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

आणि सलगम. सलगम म्हणजे मुळ्याची गोरी, गुबगुबीत बहीण. रविवारी सकाळी एक रानडुकराची पोर डोक्यावर सलगमचा ढीग घेऊन येते, नाक कायम गळत असतं. बाराच्या आत खरेदी करायची. भाव ९० ते ११० च्या दरम्यान. मग सोमवार ते शनिवार बेटावरच्या दुकानात दिवसातून दोनदा भाव फुटतो, सकाळी एक, दुपारी एक. पुढच्या रविवारपर्यंत विकला नाही तर माल सडला. जपानी भाषेत सलगमलाही 'काबू' म्हणतात आणि शेअरलाही, त्यावरचा हा विनोद आहे.

हे सगळं पोरगी मला समजावून सांगत होती. मला! लिलावाचा आरडाओरडा ऐकत ज्याचे केस पांढरे झाले त्याला.

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला आणि सगळी कपात होऊन त्याच्या हातात २ रुपये आले. देशभर बातमी झाली. ती हिशोबाची पट्टी माझ्या हातची नव्हती. पण तिच्या जातीच्या पट्ट्या माझ्या हातून गेल्यात. लिहिताना समोर उभ्या माणसाकडं बघायचं नाही, हे मी पहिल्या दोन वर्षांतच शिकलो. म्हणून घरी आल्यावर मला असा एक बाजार लागतो, जिथं भाव पडला तर फक्त मी बुडतो. यात पोरकट काय ते सांगा.

तिथं टॉम नूक नावाचा सावकारही आहे. तानुकी म्हणून जपानात एक जनावर असतं, तो. घर बांधायला ९८,००० बेल्स (बेटावरचे पैसे) देतो. व्याज नाही, हप्त्याची तारीख नाही, वसुलीचा फोन नाही. इंटरनेटवर लोक त्याला लुटारू म्हणून हिणवतात. त्यांनी कधी खरं घरकर्ज काढलेलं नसावं.

आता त्या मित्राचं. हा गडी दोन वर्षं मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत कायदा झाला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. तोवर त्याचे किती गेले ते त्याच्या बायकोलाही पुरतं ठाऊक नाही. त्याला कुणी पोरकट म्हणालं नाही. 'नाद आहे' म्हणाले. नाद! शब्दालाच मिशा आहेत बघा. धर्मराज फाशांवर राज्य हरला, भाऊ हरला, बायको हरला, तरी धर्मराजच राहिला. आपल्याकडं खेळ मोठ्यांचा ठरायला कुणाचं तरी काहीतरी बुडावं लागतं. मी फुलपाखरू पकडून संग्रहालयातल्या घुबडाला नेऊन देतो, त्यात कुणाचंच काही जात नाही, म्हणून मी बिघडलेला.

गंमत म्हणजे हा खेळ काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीची सुरुवातही पत्त्यांचीच. १८८९ साली क्योतोत हानाफुदाचे पत्ते बनवणारं दुकान होतं ते, आणि त्या पत्त्यांवर जुगार चालायचा. म्हणजे कंपनी मोठ्यांपासून सुरू झाली आणि पुढं सुधारली.

जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जाऊन बघा. पन्नाशीचे बाप्ये आकाशपाळण्यात बसून किंचाळत असतात. शेजारी एक पोरगं घेतलेलं असतं, निमित्ताला. मीही घ्यायचो. माझं निमित्त आता पुण्याला नोकरीला आहे.

स्विच तिचाच. पहिल्या बोनसमधून तिनं नवा घेतला आणि जुना इथं टाकून गेली. त्या बेटावर तिचं घर अजून आहे. दार बंद, पुढं तिनं लावलेली ट्यूलिप. चार दिवस यार्डात आवक जास्त असली आणि बेटावर गेलो नाही तर तण माजतं. तिच्या दारापुढचं मी आधी उपटतो, माझ्या दारापुढचं नंतर.

हा खेळ ज्यांना सुचला ते कात्सुया एगुची चिबाहून क्योतोला नोकरीसाठी आले, तेव्हा घरचे आणि मित्र मागं राहिले होते. तीच हुरहुर त्यांनी खेळात घातली. पहिला भाग २००१ साली जपानात आला. म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांसारखंच कुणीतरी हे बनवलंय. मी मात्र खेळतोय स्टेशनवर मागं राहिलेल्याच्या बाजूनं.

बेटाला विमानतळ आहे. आपल्याकडं २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यानंतरही विमानसेवेला २०२५ उजाडलं. (चिमणीवर कमेंटमध्ये भांडू नका, हात जोडतो.) बेटावर डोडो पक्षी विमान चालवतात. ज्यांना कधी उडता आलं नाही आणि जे तीनशे वर्षांपूर्वीच संपले, ते. कधीही जा, विमान तयार असतं.

परवा गुरुवारी रात्री साडेनऊला पोरीचा मेसेज आला, "पप्पा, माझ्या बेटावर भाव ४८७. दहाला दुकान बंद होतं, पळा." माझ्याकडं ४०० सलगम पडून होते आणि इथला भाव ६१. घाईघाईनं विमानतळ गाठला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ताट वाढलंय. कुठं चाललात?"

म्हटलं, "पुण्याला."

"मग तिला विचारा, शेंगाचटणी संपली का."