साखळी नको, वही घ्या

ऊसतोड मजुरांच्या टोळीचा मुकादम व्हायचं म्हणताय? मग आधी आभाळाशी सोयरीक जुळवा. पेरणीनंतर पावसानं दडी मारली, सोयाबीननं ऐन फुलोऱ्यात माना टाकल्या, की तुमचं अर्धं काम झालं. दडी नाही मारली तरी बिघडत नाही. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं पिकासकट माती खरडून नेली, तेही चालतं. हवामानाचे अंदाज ऐकत बसू नका. गावातल्या किराणावाल्याला उधारी विचारा, तो चुकत नाही.

पोळा झाला की गाडी काढा. बीड जिल्ह्यातलं पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासार. जबरदस्ती अजिबात नको. ओसरीवर बसायचं, पोरीच्या लग्नाचं, म्हाताऱ्याच्या दुखण्याचं विचारायचं आणि लाखभर रुपये उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, हातावर ठेवायची. चहा घेऊनच उठा.

वहीत माणसं मांडू नका, कोयते मांडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा. बाई अंधारात उठून कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, रात्री-अपरात्री ट्रक आला की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. हिशेब नवऱ्याशी करा, बाईचं नाव वहीत लागत नाही.

कामावर आलं नाही तर खाडा, दिवसाचे ५०० रुपये उचलीत चढवा. ताप, पाळी, बाळंतपण, सगळं एकाच रकान्यात. गर्भपिशवीच काढली तर खाडे वाचतील, हे बायकांना तुम्ही सांगायचीही गरज नाही. २०१९मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तुम्ही कशाला घाबरता? तुम्ही काय डॉक्टर आहात?

कायदा आहे म्हणा, १९७६चा. उचलीपोटी माणसाची दुसरीकडे कामाला जायची मोकळीक गेली, तर ती वेठबिगारी. म्हणून तो शब्दच तोंडात आणू नका. ‘हंगामी स्थलांतर’ म्हणा, अहवालांतही तसंच लिहितात.

पट्टा पडला, गाळप हंगाम संपला, की हिशेबाला बसा. तीस-चाळीस हजारांची बाकी अंगावर फिरलीच पाहिजे; फिटले तर वही पुन्हा तपासा, खाडे कमी लागले असणार. आणि उठता उठता त्याचं पोरगं केवढं झालं ते बघून घ्या. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला हात बसला असेल, तर बापाच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडा.