बक्षीस छापलंय ना, मग द्या!

पाच दिवस झाले, अजून डोकं तापलेलंच आहे. बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ खांबावर कागद चिकटवला होता. कुत्रा हरवला आहे, घरी आणून देणाऱ्यास 5000 रुपये रोख बक्षीस. मराठीतही, कन्नडातही. मी फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी अनगोळात एका टपरीमागं तोच कुत्रा दिसला, पावसात कुडकुडत, गळ्यात लाल पट्टा. अर्धा तास बिस्किटं घालून जवळ आणला, पदरचे पैसे घालून रिक्षा केली, चिखलानं भरलेल्या कपड्यांनी त्यांच्या दारात नेऊन पोचवला.

त्यांनी कुत्र्याला पोटाशी धरलं, रडले. आणि माझ्या हातात काय ठेवलं? पाव किलो कुंदा! पैशाचं विचारलं तर म्हणे, "आपलं तसं काही ठरलं नव्हतं की हो. आधी फोन करून मान्य आहे म्हणून सांगायचं होतं."

मान्य आहे म्हणून सांगायचं होतं? कुत्रा आणून दारात उभा केला, आणखी काय सांगायचं? त्याच रात्री ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 8 समोर धरलं: प्रस्तावातली अट पुरी करणं हाच त्याचा स्वीकार. इंग्लंडात 1892 मध्ये कार्बोलिक स्मोक बॉलवाल्या कंपनीनं हीच पळवाट काढली होती. आमची वस्तू वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, अशी जाहिरात केली, आणि कार्लिल बाई आजारी पडल्यावर कंपनी म्हणाली, तुम्ही आधी कळवलं नाही. कोर्टानं पैसे द्यायला लावले!

दुसऱ्या दिवशी हे कुत्र्याच्या मालकांना सांगायला गेलो, तर त्यांचा वकिली शिकणारा भाचा मधेच तोंड घालतो, "लालमन शुक्लाला तरी कुठं मिळालं?" अरे, 1913 च्या त्या अलाहाबादच्या खटल्यातल्या लालमनला मालकानंच पुतण्याला शोधायला धाडलं होतं, आणि मुलगा सापडेपर्यंत बक्षिसाचा त्याला पत्ताच नव्हता. मी कागद वाचून मग कुत्रा आणलाय! मला कुणी पगार देऊन धाडलं नव्हतं! अर्धवट वाचून दुसऱ्याच्या हक्काचे पैसे बुडवायला निघाला, लाज वाटायला पाहिजे.

काल बघितलं, खांबावरचा कागद यांनी फाडून टाकलाय. फाडा. फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, रिक्षावाला साक्षीला यायला तयार आहे, आणि सोमवारी वकिलांची नोटीस जाणार आहे.