बाटलीबद्दल सत्तरीच्या मावशींना उत्तर

मावशी, नमस्कार. तुमचं नाव माहीत नाही, प्रतिक्रियेखाली तुम्ही फक्त "सत्तरीतली एक निवृत्त अंगणवाडी सेविका" एवढंच लिहिलंय, म्हणून मावशी म्हणते, चालेल ना. परवा रात्री वाचली तेव्हा खूप लागलं, लगेच काहीतरी लिहून टाकणार होते, पण बरं झालं थांबले. काल शांतपणे दोनदा वाचली आणि मग लक्षात आलं की तुमचं निम्म्याहून जास्त म्हणणं मला पटतंय. उरलेलं पटत नाहीये, आणि ते नीट सांगायला हवं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की कामावर परत जायच्या आधी अंगावर पिणाऱ्या माझ्या छोटीला बाटलीची आणि नंतर पावडरच्या दुधाची सवय कशी लावली. त्यावर मावशी म्हणतात की असलं लिहून मी पोरींना पळवाट दाखवते, त्यांनी तीस वर्षांत बाटलीवरची बाळं पावसाळ्यात जुलाबाने सुकलेली पाहिलीत, आमच्या आया शेतात राबून पाजायच्या, आणि द्यायचंच झालं तर वाटी-चमचा आहे, बोंडलं म्हणजे चोचीची छोटी वाटी आहे, बाटली हवी कशाला. शिवाय डब्याचा फोटो टाकला म्हणजे जाहिरातच केली, आणि कोमट पाण्यात पावडर कालवायला सांगितली तेही चूक. शेवटचं वाक्य, "आईला सोय हवी, बाळाचं कोण बघतो?"

आधी माझ्या चुका. फोटो काढून टाकलाय. आपल्याकडे १९९२ चा कायदाच आहे, लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रसुद्धा छापायचं नाही, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. मला कोणी पैसे दिले नव्हते, पण माझ्या फोटोत कंपनीचं नाव स्पष्ट दिसत होतं आणि वाचणाऱ्या मुलीला काय माहीत मी ते विकत घेतलंय की फुकट मिळालंय. बरोबर बोललात.

पाण्याचंही तुमचं खरं. पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातसुद्धा कधीकधी जंतू असू शकतात, म्हणून डब्ल्यूएचओ सांगतं की पाणी निदान ७० अंश गरम असतानाच पावडर घालायची. म्हणजे पाणी खळखळ उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, आणि मग तयार दूध बाटली नळाखाली धरून गार करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. मी सुरुवातीला आठवडाभर उकळून कोमट झालेल्या पाण्यात करत होते, नंतर बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर बदललं, पण लिहिताना जुनीच सवय लिहून बसले. आता दुरुस्त केलंय, वरती ठळक अक्षरात. घरात फिल्टर आहे म्हणून उकळायला नको असं समजणाऱ्या खूप जणी आहेत, मीही त्यातलीच होते, त्यांच्यासाठीही लिहिलंय.

आता सोयीबद्दल.

कायद्याने २६ आठवडे बाळंतपणाची रजा मिळते, २०१७ पासून. ऐकायला सहा महिने. पण मला बीपी झालं आणि डॉक्टरांनी घरी बसवलं, त्यात सहा आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले. उरले वीस. म्हणजे छोटी साडेचार महिन्यांची असताना मला कामावर हजर व्हायचं होतं, आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा जो नियम आहे, जो मला मनापासून मान्य आहे, त्यातले दीड महिने कुठून आणायचे ते मला कोणी सांगितलं नाही. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असली तर कंपनीत पाळणाघर हवं असंही कायदा म्हणतो. आमच्याकडे त्या खोलीवर पाटी आहे आणि आत खोके ठेवलेत.

तुमच्या आईची, माझ्या आजीची गोष्ट खरीच आहे मावशी. माझी आजी पण भाताची लावणी करायची. पण बाळ बांधावर झोळीत असायचं ना, रडलं की चिखलाचे हात धुऊन घ्यायची आणि पाजायची. मी इथे गोव्यात फोंड्याहून सव्वासातची बस धरते, बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला जाते, संध्याकाळी साडेसहाला घरी. ही अकरा तासांची गोष्ट आहे. छोटी रडली तर माझ्यापर्यंत काही येत नाही, फक्त ब्लाऊज ओला होतो.

दूध काढायचा पंप वापरला. लेडीज चेंजिंग रूममध्ये, दाराला पाठ लावून, कारण आतली कडी लागत नाही. पहिल्या आठवड्यात एका वेळेला १२० मिली निघायचं, बर्फाच्या पिशवीतून घरी आणायची. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात पण ते २५ अंशापर्यंतच्या खोलीत, आपल्याकडे मे महिन्यात तेवढी गार खोली कुठे, म्हणून पिशवीत बर्फ नाही तर दूध ओतून द्यायचं असा नियम केला. मग जून लागला, लाईट जायला लागली, कधी दोन तास कधी रात्रभर, फ्रीजमधल्या दुधावर भरवसा राहिना. आणि पंप दिवसातून दोनदाच जमत होता. दूध हे मागणीवर येतं, जेवढं निघेल तेवढंच परत भरतं, ते हळूहळू ८० वर आलं, मग ४० वर. आळीव खाल्ले, शतावरी घेतली, रडलेसुद्धा. बाजूच्या काकी खिडकीतून म्हणाल्या, "भुरग्याक दूद पावना गे तुजें," म्हणजे बाळाला तुझं दूध पुरत नाही गं. चांगल्या मनानेच म्हणाल्या असतील, पण तेव्हा ते वाक्य छातीत रुतलं.

म्हणून पावडर आणली. दुपारच्या दोन पाजण्यांसाठी. पहाटे, संध्याकाळी आणि रात्रभर अजून ती अंगावरच पिते, आज सात महिने होत आले. हे मी आधीच्या लिखाणात पुरेसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला वाटलं असेल की सगळंच तोडलं. नाही तोडलं. रात्रीचं पाजणं सोडू नका असं मी प्रत्येकीला सांगते, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, ते एक पाजणं धरून ठेवलं तर बाकीचं बरंच टिकतं.

आणि सवय लावली म्हणजे काय ते पण सांगते, कारण "बाटली तोंडात दिली की झालं" असं वाटतं सगळ्यांना. पहिल्या दिवशी संध्याकाळी, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों वाजत होता गल्लीत, सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन निपल तोंडाला लावलं आणि तिने जिभेने ते बाहेर ढकललं, मग पाठीची कमान करून अशी किंचाळली की मी आतल्या खोलीत कानावर उशी धरली. मी घरात असले की तिला माझा वास येतो. दुसऱ्या दिवसापासून मी चक्क घराबाहेर पडून देवळापर्यंत चालत जायचे. नवऱ्याने हाती घेतलं मग. तिला जवळजवळ ताठ बसवायचं, बाटली उभी नाही, आडवी धरायची म्हणजे दूध आपोआप घशात ओतलं जात नाही, निपल वरच्या ओठाला टेकवून नुसतं थांबायचं. घालायचं नाही. ती तोंड उघडेल तेव्हाच. चार घोट झाले की बाटली खाली करायची, श्वास घेऊ द्यायचा, नको असेल तर तिथेच संपलं, उरलेलं पाजायचा हट्ट नाही. आधी माझंच काढलेलं दूध, सगळ्यात हळू येणारं निपल. आठ दिवस काही नाही, कधी १० मिली कधी १५. नवव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, मी देवळाच्या पायरीवर होते, म्हणाला साठ प्यायली आणि बोट धरून झोपली. मी तिथेच बसून रडले, आनंदाने की कशाने ते आजही सांगता येत नाही.

मध्ये एक घाई केली ती पण भोगली. दोन पाजण्या एकदम बंद केल्या, तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला दूध साकळून दगडासारखी गाठ आणि १०२ ताप. गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि डॉक्टर म्हणाले त्या बाजूला पाजणं थांबवू नका. तेव्हापासून एक पाजणं कमी केलं की चार-पाच दिवस जाऊ द्यायचे, फार दाटलं तर आराम पडेल एवढंच काढायचं. हे मला आधी एकाही माणसाने सांगितलं नव्हतं मावशी, दवाखान्यात नाही, घरात नाही.

आणि माझं म्हणणं नेमकं हेच आहे. तुम्ही जी बाळं पाहिलीत ती मी नाकारत नाहीये. पण ती का आजारी पडली? बाटली नीट उकळली नव्हती, पाणी विहिरीचं तसंच, सकाळी केलेलं दूध संध्याकाळपर्यंत ठेवलेलं, आणि पावडर पातळ. पातळ का, तर डबा महाग. पाच महिन्यांचं बाळ पूर्ण वरच्या दुधावर असेल तर ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन-चार दिवस जातो.

माझ्या कामावरची एक मुलगी आहे, नाव गाव काही सांगत नाही. तिचंही दूध कमी झालं होतं. घरात सगळे म्हणायचे आमच्याकडे कोणी डब्यावर वाढलं नाही. म्हणून ती डबा तांदळाच्या पिंपामागे ठेवायची आणि सगळे झोपले की दूध करायची, अंधारात, गॅस पेटवला तर आवाज होईल म्हणून थर्मासमधल्या पाण्यात. आमच्या डब्यावर ३० मिलीला एक सपाट चमचा असं लिहिलंय, ती १२० मिलीत एक घालायची म्हणजे डबा पुरेल. चारातला एक हिस्सा! बाळ पोट भरल्यासारखं झोपायचं. दीड महिना वजन हललं नाही. डॉक्टरांनी विचारलं काय देता, तर सासू शेजारी बसलेली, ही म्हणाली अंगावरच. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं तेव्हा कुठे बोलली.

त्या बाळाला बाटलीने इजा केली की लपवण्याने, तुम्हीच सांगा. तिला कोणी एकदा जरी न ओरडता सांगितलं असतं की पाणी आधी मोजून घे, डब्यातलाच चमचा, सपाट, ना कमी ना जास्त, कमी घातलंस तर बाळ उपाशी राहील आणि नुसतं पाणी जास्त गेलं तर झटकेही येऊ शकतात, जास्त घातलंस तर अंगातलं पाणी कमी होईल, केलेलं दूध दोन तासांत संपव, उष्टं परत देऊ नकोस, डबा परवडत नसेल तर तसं सरळ डॉक्टरांना सांग, तर ते दीड महिने गेले नसते. आणि पावडर देऊ दिली नाही म्हणून बाळ अंगावरच राहतं असंही होत नाही, मग घरातलं कोणीतरी गाईचं दूध अर्धं पाणी घालून देतं किंवा चौथ्या महिन्यात नाचणीचं सत्त्व. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य दूध म्हणून चालत नाही हे तुम्ही स्वतः किती घरांत सांगितलं असेल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, पोस्टर लागतात, आईचं दूध अमृत. खरंच आहे ते, आईच्या दुधातून बाळाला जी रोगाशी लढायची ताकद मिळते ती कुठल्याच पावडरीत नाही, मी तसा दावा कधी केला नाही. फक्त त्या पोस्टरखाली उभी असलेली जी बाई ८ ऑगस्टला कामावर परत जाणार आहे तिलाही काहीतरी सांगा ना. ती आळशी नाहीये. ती घाबरलेली आहे, आणि तिला वाटतंय की विचारलं तर लोक तिला आई म्हणायचे नाहीत.

राहिलं बोंडलं. वाटी-चमच्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, बाटलीच्या निपलमध्ये आणि आट्यांमध्ये दूध अडकून कुबट होतं, ब्रशने घासून दहा मिनिटं उकळलं तरी मनात धाकधूक राहते, वाटी मात्र बोट फिरवलं की कळते. तुमची प्रतिक्रिया वाचून काल सासूबाईंना विचारलं तर त्यांनी माळ्यावरून नवऱ्याच्या बारशातलं चांदीचं बोंडलं काढलं, काळं पडलेलं, चिंचेने घासलं आणि उकळलं. दुपारी त्यांनी छोटीला त्यातून थोडं दूध पाजलं. प्यायली, पण दोनदा ठसकली आणि सासूबाई घाबरल्या, त्यांचा हात आता थोडा थरथरतो.

तर मावशी, तुम्ही तीस वर्षं हे बायकांना शिकवलंय. सात महिन्यांच्या बाळाला बोंडल्याने पाजताना डोकं किती उचलायचं, चोच जिभेवर ठेवायची की गालाच्या बाजूला, आणि धार किती बारीक? इथे खाली सविस्तर लिहा, मी ते वरती मूळ लिखाणात बाटलीच्या आधी टाकते.