दोन भावार्थदीपिका आणि माझा एक चुकीचा क्लिक

गेल्या रविवारी सकाळी, चहा गार व्हायच्या आत, मी ज्ञानेश्वर माउलींना भागवताचे संस्कृत टीकाकार करून टाकलं.

झालं असं. विकिडेटावर (विकिपीडियाचं भावंड, कुणालाही भरता येणारा माहितीचा साठा) जुन्या मराठी-संस्कृत ग्रंथांच्या नोंदी नीटनेटक्या करायचा मला नाद आहे. (घरच्यांच्या भाषेत डोळेफोड.) तिथे 'भावार्थदीपिका' (हे ज्ञानेश्वरीचं मूळ नाव) नावाच्या दोन नोंदी दिसल्या. एकीचं मराठी वर्णन रिकामं, दुसरीच्या वर्णनात नुसतं 'टीकाग्रंथ', म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारा ग्रंथ. वाटलं, कुणीतरी ज्ञानेश्वरी दोनदा चढवलीय. केल्या मर्ज, म्हणजे दोन्हींची एकच नोंद. संध्याकाळी पाहतो तर एकाच ग्रंथाला लेखक दोन, भाषा दोन, आणि मूळ ग्रंथही दोन: गीता आणि भागवत!

दुसरी भावार्थदीपिका श्रीधरस्वामींची. संस्कृत, भागवतपुराणावरची. आपली १२९० सालची, नेवाशात झालेली, ओवीबद्ध, गीतेवरची. नाव सोडलं तर दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. मर्ज उलटवायला एक क्लिक पुरत नाही, तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत कुठलं विधान (नोंदीतली एकेक माहिती) कुठल्या दीपिकेचं ते निवडत बसलो.

चूक माझी, मान्य. पण निस्तरताना लक्षात आलं की असले सापळे जागोजाग आहेत. टीकाकारांना नावं ठेवताना उजेडाचं भारी वेड. दीपिका, चंद्रिका, प्रकाश, कौमुदी. उजेड नसेल तर बोध. 'सुबोधिनी' घ्या. श्रीधरस्वामींचीच गीतेवरची टीका सुबोधिनी. वल्लभाचार्यांची भागवतावरची सुबोधिनी, तीही सगळ्या स्कंधांवर मिळत नाही. सदानंदांच्या वेदान्तसारावर नृसिंहसरस्वतींची सुबोधिनी. आता नृसिंहसरस्वती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर थेट गाणगापूर येतं की नाही? तर हे ते नव्हेत. हे सोळाव्या शतकातले, गाणगापूरच्या महाराजांनंतर शंभरावर वर्षांनी झालेले. म्हणजे ग्रंथाचं नाव फसवतंच, वर लेखकाचंही फसवतं.

गूढार्थदीपिकेची तऱ्हा आणखी वेगळी. मधुसूदन सरस्वतींची गीतेवर, आणि काशीरामांची शार्ङ्गधरसंहितेवर. एकीत मोक्ष, दुसरीत औषधं.

हा घोळ संगणकाने आणलेला नाही, आणि जुन्या वाचकांनी त्यावर आपापला तोडगाही काढला होता. ते टीकेला सरळ टीकाकाराच्या नावाने हाक मारत. मधुसूदनी. श्रीधरी. ज्ञानेश्वरी हे नावसुद्धा त्याच जातीचं, फक्त इतकं रुळलं की मूळ नाव सांगितलं तर निम्मे लोक विचारतील, हे कुठलं पुस्तक? पण हा तोडगाही अर्धाच, कारण श्रीधरस्वामींच्या दोन्ही टीकांना श्रीधरीच म्हणतात. मागे पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या एका दुकानात मी "श्रीधरी आहे का?" विचारलं, तर काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "गीतेची का भागवताची?"

विकिडेटाने नेमकं हेच विचारायला हवं असं माझं म्हणणं आहे. टीकेची नोंद करताना पहिला प्रश्न 'नाव काय' हा नकोच. ती कशावर आहे, हे आधी. मग कुणाची, मग कुठल्या भाषेत. नाव सगळ्यात शेवटी आलं तरी चालेल. आपण करतो उलटं: नाव टाकतो, लेखक जोडतो, आणि मूळ ग्रंथाचा रकाना 'नंतर बघू' म्हणून सोडतो. माझ्या स्वतःच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, त्यांतल्या कितीतरी अशाच. आणि लेखक जोडतानाही, नुसतं 'श्रीधर' टाइप केलं की यादीत भागवताचे टीकाकार, हरिविजय आणि पांडवप्रताप लिहिणारे मराठी कवी श्रीधर, विसाव्या शतकातले सज्जनगडचे श्रीधरस्वामी असे सगळे समोर येऊ शकतात. पहिलं दिसेल ते उचललं की पांडवप्रतापकार संस्कृत टीका लिहायला मोकळे.

काही मित्रांचं म्हणणं, नावातच कंस घालावा: भावार्थदीपिका, कंसात ज्ञानेश्वर. मला पटत नाही. ग्रंथाचं नाव जे आहे ते आहे, त्याला आपण आपल्या सोयीसाठी शेपूट का लावायचं? दोन नोंदींचं लेबल (म्हणजे नोंदीचं नाव) सारखं असलं तरी विकिडेटाची हरकत नसते. एकाच भाषेत लेबल आणि वर्णन दोन्ही सारखं चालत नाही, एवढंच. मग वर्णन नीट लिहा की! 'ज्ञानेश्वरांची भगवद्गीतेवरील मराठी ओवीबद्ध टीका (१२९०)'. 'श्रीधरस्वामींची भागवतपुराणावरील संस्कृत टीका'. एक ओळ, दोन मिनिटं. शिवाय 'याहून वेगळे' असं सांगणारं एक विधानही तिथे असतं. ते दोन्ही नोंदींवर टाकलं की माझ्यासारखा पुढचा उतावळा निदान थबकेल.

आणखी एक गाठ छापील पुस्तकांची. आपल्याच पुण्यातल्या आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या संस्थेने मधुसूदनी आणि श्रीधरी एकाच पुस्तकात, एकाच गीतेखाली छापल्या. आता हे पुस्तक म्हणजे गूढार्थदीपिका का सुबोधिनी? दोन्ही नाही. ती एक आवृत्ती आहे आणि तिच्या पोटात दोन टीका आहेत. ग्रंथालयाच्या कार्डावर हे सगळं 'श्रीमद्भगवद्गीता, सटीक' एवढ्यात उरकलेलं असलं आणि कार्डावरून नोंद झाली, की दोन टीका एका शब्दात गडप.

(जाता जाता: 'टीका' शब्दाचंही काही करता येईल का? एका नवीन मुलाने टीकाग्रंथाचं इंग्रजी वर्णन 'क्रिटिसिझम ऑफ गीता' असं केलं होतं. हसू आलं, पण त्याला तरी काय बोलणार, पेपरात तो रोज 'विरोधकांची सरकारवर टीका' वाचतो.)

असो. दोन्ही भावार्थदीपिका आता आपापल्या घरी आहेत. सुबोधिन्यांची वर्णनं आज रात्री लिहायला घेतोय. ज्यांच्या घरी जुन्या सटीक पोथ्या किंवा पुस्तकं असतील त्यांनी मुखपृष्ठाचा आणि शेवटच्या पानाचा, दोन्हींचा फोटो पाठवा. टीकाकार आपलं आणि गुरूंचं नाव बहुतेकदा शेवटीच सांगतो.