‘एका एफआयआरने नागरिकत्व जातं’ हे फॉरवर्ड पुढे पाठवणाऱ्यांना

लग्नानंतर नोंदणी करून भारताची नागरिक झालेली माझी वहिनी सध्या धड झोपत नाही. कारण घरच्या ग्रुपवर आलेलं एक फॉरवर्ड. त्यात म्हटलंय की, बाहेरून आलेल्यांना दिलेलं नागरिकत्व आजही इंग्रजांच्या १९१४ च्या कायद्याने कधीही काढून घेता येतं. त्याला एक एफआयआर आणि कलेक्टरची सही पुरते, मुलांचंही नागरिकत्व जातं, आणि प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

सगळ्यात घातक मुद्दा एफआयआरचा. पार्किंगवरून भांडणाऱ्या शेजाऱ्याने ‘पोलिसांत जातो’ म्हटल्यावर वहिनी स्वतःची काही चूक नसताना त्याची माफी मागायला निघाली. एका मेसेजमुळे एक नागरिक आपला हक्क सोडायला तयार होते, याचा मला संताप येतो.

कायदा काय म्हणतो? नागरिकत्व कायदा, १९५५, कलम १०. नोंदणीने किंवा नॅचरलायझेशनने (म्हणजे दीर्घ वास्तव्यानंतर अर्ज करून) नागरिक झाल्यापासून पाच वर्षांच्या आत, कोणत्याही देशात, किमान दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली तर ते नागरिकत्व काढून घेण्याचं एक कारण ठरतं. शिक्षा कोर्ट सुनावतं. तक्रार, एफआयआर, अटक यांतलं काहीच शिक्षा नव्हे. शिवाय वहिनीची पाच वर्षं कधीच उलटली आहेत, म्हणजे हे कारण तिला आता लागूच होत नाही.

हा गोंधळ बहुधा ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, या कार्डावरून झाला असावा. दोन वर्षांची शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरी ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते, अशी अधिसूचना केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये काढली. पण ओसीआयधारक परदेशाचा नागरिक असतो, भारताचा नव्हे. कुणीतरी ती बातमी अर्धवट वाचली आणि नागरिकांच्या माथी मारली.

कलेक्टरच्या सहीचं म्हणाल तर कलम १० चा आदेश केंद्र सरकार काढतं. त्याआधी कारण नमूद करून लेखी नोटीस द्यावी लागते. ही व्यक्ती नागरिक राहणं लोकहिताचं नाही, अशी सरकारची खात्री व्हावी लागते. आणि एक कारण वगळता बाकी सगळ्या कारणांत, अर्ज केल्यास प्रकरण चौकशी समितीकडे पाठवावंच लागतं. समितीचा अध्यक्ष किमान दहा वर्षं न्यायिक पदावर राहिलेला असावा लागतो.

आता इंग्रजांचा कायदा. १९१४ चा तो कायदा आज भारतात चालत नाही. पण कलम १० चा साचा तिथला आहे, हे मान्य करावं लागेल. इंग्रजांनी १९१८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हाच पाच वर्षांच्या आतली शिक्षा, सात वर्षं बाहेर वास्तव्य, न्यायिक अनुभव असलेल्या अध्यक्षाची समिती या गोष्टी त्यात होत्या. तेव्हा बारा महिन्यांची कैदही पुरत असे. आपल्या संसदेने ती मर्यादा दोन वर्षांवर नेली.

मघाशी वगळलेलं एक कारण म्हणजे हेच सात वर्षांचं, आणि भीती बाळगायचीच तर याची बाळगा. सलग सात वर्षं भारताबाहेर राहिलात, त्या काळात तिथे शिकत नव्हता, भारतातल्या सरकारच्या किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोकरीत नव्हता, आणि नागरिकत्व टिकवण्याचा इरादा दरवर्षी वकिलातीत नोंदवला नाही, तर नोटीस येऊ शकते. इथे समितीकडे जाण्याचा हक्कही नाही. खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या नागरिकत्वालाही धोका असतो, आणि त्याला पाच वर्षांची मर्यादा नाही. संविधानाशी बेइमानी आणि युद्धात शत्रूला मदत ही उरलेली दोन कारणं.

मुलांचा मुद्दा तर निव्वळ थाप. माझे भाऊ-वहिनी दोघंही नागरिक असताना भाचा इथे जन्मला. तो जन्माने नागरिक आहे आणि कलम १० जन्माने नागरिक असलेल्यांना लागूच नाही.

नूतनीकरण असं काही नसतं. त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका, तक्रार करा. आणि ज्यांनी हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी तो काढून त्याच ग्रुपवर वहिनीला सांगावं की तो खोटा होता.