‘कळपाचा दवाखाना’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या महिन्यात तीन आठवडे मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या नाहीत. कारण विचारले तेव्हा तिने महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला संदेश पुढे केला. तोच संदेश मला निपाणीच्या मामेभावाकडूनही आला होता आणि मी तो न वाचता पुसला होता, ही माझी चूक. मधुमेहींना आठ-दहा जणांच्या गटात बसवून तपासणारे डॉक्टर स्वतःचा वेळ वाचवतात, एकाच सुईने सर्वांचे रक्त काढतात, सर्वांना एकच गोळी देतात आणि ती गोळी मूत्रपिंडे खाते, असे त्यात म्हटले आहे आणि अशा तपासणीला ‘कळपाचा दवाखाना’ असे नाव दिले आहे. शिवाय सारे कन्नडमध्ये चालत असल्याने मराठी माणसाच्या पदरी काही पडत नाही, म्हणून गोळ्या सोडून जांभळाच्या बियांची पूड घ्यावी, असा सल्ला आहे.

गोळीचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत घातक हाच आहे. ती गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ती शरीराबाहेर पडते मूत्रपिंडांवाटे. त्यामुळे मूत्रपिंडांचे काम आधीच फार मंदावले असेल तर ती अंगात साठू लागते, आणि म्हणून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बंद करतात. किडनी बिघडल्यावर गोळी थांबवावी लागते, याचे संदेशकर्त्याने ‘गोळीने किडनी बिघडते’ असे करून टाकले. मूत्रपिंडे खरोखर खातात ती वर्षानुवर्षे बेफिकीर सोडलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब. गोळ्या सोडल्यावर लगेच काही दुखत नाही, हीच यातली फसवणूक आहे. आत्याला तर हलके वाटत होते. उपाशीपोटीची साखर मात्र १४२ वरून २६८ वर गेली होती. जांभळाची पूड कोणाला घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावी, पण ती गोळीची जागा घेते असे सांगणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यावी.

‘सर्वांना एकच गोळी’ हे तर आत्या ज्या गट-तपासणीला जाते तिथेच खोटे ठरले होते. ज्याच्या त्याच्या गोळ्या वेगळ्या पाहता याव्यात म्हणून पहिल्या बैठकीला प्रत्येकाने घरातल्या गोळ्या आणायच्या होत्या. आत्याने कुंद्याच्या रिकाम्या डब्यातून पट्ट्या काढून सतरंजीवर मांडल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “अहो, या दोन्ही पट्ट्यांवर बारीक अक्षरांत मेटफॉर्मिनच लिहिलंय की.” एक पट्टी गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी बेळगावच्या, नावे वेगळी, औषध एकच, आणि आत्या दोन्ही घेत होती. डॉक्टरांनी तिथेच एक पट्टी बाजूला काढली. पाच मिनिटांच्या एकट्याच्या भेटीत तो डबा पिशवीतून बाहेरसुद्धा आला नसता.

वेळ वाचवण्याच्या आरोपाला इटलीतल्या तुरिन शहरातून उत्तर मिळते. तिथे १९९६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ११२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. निम्मे नेहमीप्रमाणे एकेकटे तपासले गेले, निम्मे दर तीन महिन्यांनी नऊ-दहा जणांच्या बैठकीत, जिथे खाणे, पाय, औषधे यांवर बोलणे होई आणि गरज असेल त्याला नंतर डॉक्टर स्वतंत्र भेटत. पाच वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात आले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी एकेकट्यांमध्ये १.७ टक्के-अंकांनी वाढली होती. बैठकीवाल्यांमध्ये ती जवळपास होती तिथेच राहिली. आणि वेळ? याच अभ्यासाच्या पहिल्या चार वर्षांच्या हिशेबात बैठकीतल्या रुग्णामागे १९६ मिनिटे लागली, एकेकट्यामागे १५०. खर्चही बैठकीचाच थोडा अधिक होता. डॉक्टरांनी वेळ चोरायचा ठरवला असेल, तर हा मार्ग उलटाच म्हणावा लागेल.

सुईच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. बोट टोचण्याचे पेन सुई बदलूनही एकाचे दुसऱ्याला वापरू नये. त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. आत्याच्या बैठकीत एकदाच वापरून टाकून द्यायच्या टोचण्या असतात आणि प्रत्येकीची पुडी तिच्यासमोर फोडली जाते. तुमच्याकडे तसे होत नसेल तर बोट पुढे करू नका, पण तेवढ्यासाठी गोळ्या सोडू नका.

भाषेची तक्रार मी झटकून टाकणार नाही. सीमाभागात दवाखान्यातले तक्ते कन्नडमध्ये आणि गोळीची पट्टी इंग्रजीत, असे आमच्या घरानेही सोसले आहे. ‘जेवणानंतर’ ऐवजी ‘जेवणाआधी’ समजून आत्याने एक गोळी दोन महिने चुकीच्या वेळी घेतली होती. पण एकट्याच्या तपासणीत तिला ते समजावून सांगणारे कोणी नव्हते. बैठकीत निपाणीकडून सून म्हणून आलेली, दोन्ही भाषा बोलणारी एक बाई आहे, आणि भाताची वाटी किती भरायची हे ती आधी कन्नडमध्ये व मग मराठीत सांगते. आता आत्याने तिच्याकडून मराठीत वेळा लिहून घेतलेला कागद कुंद्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.